दोन कॅथलॅब, दोन आकडे : डीएपीच्या अचूकतेचं एक प्रकरण

मध्य मुंबईतल्या एका रुग्णालयात एकाच मजल्यावर दोन कॅथलॅब आहेत, म्हणजे क्ष-किरणांच्या चित्रावर बघत हृदयाच्या रक्तवाहिन्यांवर उपचार करायच्या खोल्या. पहिल्या रूममधलं मशीन अलीकडचं, दुसरीतलं बरंच जुनं. डॉक्टर दोन्हीकडे तेच, टेक्नॉलॉजिस्ट आलटूनपालटून तेच, पेशंटही साधारण एकाच प्रकारचे. मी तिथे मेडिकल फिजिसिस्ट आहे आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची जबाबदारीही माझ्याकडे आहे. एप्रिलमधल्या क्वालिटी मीटिंगसाठी ऑक्टोबर ते मार्च या काळातल्या अँजिओप्लास्टीच्या केसेसचे डोस, म्हणजे मशीनने दाखवलेले डीएपीचे (रेडिएशनचा डोस गुणिले क्षेत्रफळ) आकडे, काढले. पहिल्या रूमचा मध्यांक आला ५८ ग्रे-चौ.सेंमी (ग्रे हे डोसचं एकक), दुसऱ्या रूमचा ९४. दीडपटीहून जास्त फरक.

हे आकडे एका ओळीत आणायलाच थोडी खटपट पडली होती. पहिलं मशीन डोस मायक्रोग्रे-चौ.मीटरमध्ये दाखवतं, दुसरं मिलिग्रे-चौ.सेंमीमध्ये. पहिल्याच्या आकड्याला १०० ने भागायचं, दुसऱ्याच्या आकड्याला १००० ने, मग दोन्ही ग्रे-चौ.सेंमीमध्ये येतात. रजिस्टरात मात्र एकच रकाना, वर नुसतं ‘डीएपी’ लिहिलेलं. ज्या रजिस्टरात एकक छापलेलं नाही त्यातल्या आकड्यांवर मी विश्वास ठेवत नाही. आधी प्रत्येक नोंद मशीनच्या रिपोर्टशी ताडून घेतली, मगच मध्यांक काढला.

मीटिंगमध्ये या आकड्यांवर कुणी शंका घेतली नाही. चर्चा थेट उपायांवर गेली. दुसरं मशीन कधी बदलता येईल? तोवर लांबणाऱ्या केसेस, विशेषतः पूर्ण बंद झालेली रक्तवाहिनी उघडण्याच्या सीटीओच्या केसेस, पहिल्या रूममध्येच घ्यायच्या का? तसं पत्रक काढायचंही जवळपास ठरलं. बाहेर आल्यावर आमचे सीनियर टेक्नॉलॉजिस्ट मला म्हणाले, “मॅडम, दोन नंबरला आम्ही वेगळं काय करतो? फ्रेम रेट तोच, कोलिमेशन तेच. सरांचा पाय पेडलवर तेवढाच असतो.” सेकंदाला किती प्रतिमा घ्यायच्या (फ्रेम रेट) आणि क्ष-किरणांचा झोत किती रुंद ठेवायचा (कोलिमेशन), हे दोन्हीकडे सारखंच, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. शिवाय फ्लुओरोचा, म्हणजे क्ष-किरणांनी थेट बघत राहण्याचा, वेळ दोन्ही रूममध्ये जवळजवळ सारखाच होता. पत्रक थांबवा, आधी मोजू द्या, अशी मी विनंती केली. विभागप्रमुख सरांनी ती मान्य केली.

स्क्रीनवरचा आकडा येतो कुठून

डीएपी म्हणजे हवेतला डोस गुणिले क्ष-किरण शलाकेचं क्षेत्रफळ. ट्यूबपासून लांब जाऊ तसा डोस अंतराच्या वर्गाने घटतो आणि क्षेत्रफळ त्याच प्रमाणात वाढतं, त्यामुळे गुणाकार तोच राहतो. म्हणून हे माप ट्यूबच्या तोंडाशी घेतलं तरी चालतं. जुन्या मशीनमध्ये कोलिमेटरच्या पुढे एक सपाट, पारदर्शक आयन चेंबर बसवलेला असतो. शलाका त्यातून जाते, आतल्या हवेत आयन तयार होतात आणि त्यांचा विद्युतभार मोजला जातो.

बऱ्याच नव्या मशीनमध्ये असा चेंबरच नसतो. आमच्या पहिल्या रूममध्येही नाही. तिथे संगणक केव्ही (ट्यूबचा विद्युतदाब), एमए (ट्यूबमधला विद्युतप्रवाह), पल्सची लांबी, लावलेला फिल्टर आणि कोलिमेटरच्या पात्यांची जागा बघून हिशोब करतो. ट्यूब प्रत्येक एमएएसला (प्रवाह गुणिले वेळ) किती डोस देते याचं एक टेबल, म्हणजे कोष्टक, मशीनमध्ये भरलेलं असतं, त्यावरून आकडा निघतो. या स्क्रीनवर दिसतो तो अंदाज असतो. मोजमाप तिथे कधी झालेलंच नसतं. अंदाज चांगला असू शकतो, पण तो त्या टेबलाइतकाच चांगला असतो.

त्याच्या शेजारी दुसरा आकडा असतो, ‘रेफरन्स पॉइंट’वरचा एअर कर्मा, म्हणजे त्या बिंदूवरचा हवेतला डोस. सी-आर्म (ट्यूब आणि पॅनेल धरणारी इंग्रजी ‘सी’च्या आकाराची कमान) ज्या बिंदूभोवती फिरतो त्याच्यापासून ट्यूबच्या दिशेने १५ सेंमीवरचा हा बिंदू. पेशंटची पाठ साधारण तिथे असेल असं धरून तो ठरवला आहे. त्वचेला इजा होण्याची शक्यता बघायची तर हा आकडा बघायचा; एकूण रेडिएशन किती गेलं यासाठी डीएपी.

हे आकडे किती बरोबर असायला हवेत? अशा मशीनसाठीच्या आयईसी ६०६०१-२-४३ या आंतरराष्ट्रीय मानकात अधिक-उणे ३५ टक्क्यांची मुभा आहे. अमेरिकेच्या एफडीएच्या नियमातही एअर कर्माच्या डिस्प्लेला तेवढीच मुभा आहे. ऐकायला फार वाटत नाही. पण एक मशीन ३५ टक्के जास्त दाखवत असेल आणि शेजारचं ३५ टक्के कमी, तर खरा डोस अगदी सारखा असूनही दोन आकड्यांत दुपटीहून जास्त फरक दिसेल आणि दोन्ही मशीन पास असतील. दोन दुकानांतले काटे वेगळे असतील तर माल कुठे जास्त मिळाला हे पावत्या शेजारी ठेवून कळत नाही. आमच्या मीटिंगमध्ये आम्ही पावत्याच शेजारी ठेवल्या होत्या.

फाइलमधला पहिला धागा

मोजायच्या आधी दोन्ही रूमच्या क्यूएच्या (मशीनच्या गुणवत्ता तपासणीच्या) फाइली काढल्या. एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नियमांप्रमाणे ही तपासणी दर दोन वर्षांनी होते, शिवाय मोठी दुरुस्ती झाली की त्यानंतरही. केव्ही, टायमर, आउटपुटचं सातत्य, फिल्टरेशन, ट्यूबची गळती, सगळं दोन्हीकडे व्यवस्थित होतं. टेबलवर २० सेंमी जाडीचा ॲक्रिलिक फँटम (पेशंटच्या जागी ठेवायचा ठोकळा) ठेवून फ्लुओरोचा डोस-रेट मोजलेला होता, आणि त्या ओळीवर मी थांबले. दोन्ही रूममधले आकडे जवळजवळ सारखे होते. त्याच जाडीच्या फँटमला दोन्ही मशीन सारखाच डोस देत असतील, तर माणसांना दीडपट कशी देतील? डिस्प्लेवरचा डीएपी बरोबर आहे का, याची वेगळी ओळ आमच्या अहवालात नव्हती. म्हणजे हा प्रश्न कुणी विचारलेलाच नव्हता.

रविवारची मोजणी

कॅथलॅब रिकामी मिळणं मुंबईत अवघडच. रविवारी सकाळी लवकर सुरुवात केली, तीही हार्ट अटॅकचा पेशंट आला तर काही मिनिटांत रूम मोकळी करून देऊ या बोलीवर. वॉर्डातल्या मामांनी टेबलवरची गादी काढून टेबल बाजूला सरकवलं. सी-आर्म आडवा केला, म्हणजे शलाकेच्या वाटेत टेबल येणार नाही. याला महत्त्व आहे, कारण टेबल आणि गादी मिळून शलाकेचा बऱ्यापैकी भाग शोषतात आणि डिस्प्लेवरच्या आकड्यात ही घट धरलेली नसते.

रेफरन्स पॉइंटवर आमचा कॅलिब्रेट केलेला डिटेक्टर स्टँडला लावला. त्याच्या कॅलिब्रेशनची साखळी ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या प्रमाणकांपर्यंत जाते. प्रतिमा टिपणाऱ्या फ्लॅट पॅनेलसमोर तांब्याचे पत्रे ठेवले. ते नसले तर ऑटोमॅटिक कंट्रोल समोर कुणीच नाही असं समजून केव्ही पार खाली नेतो आणि आपण भलत्याच शलाकेची तपासणी करून बसतो.

डोस मोजणं त्यामानाने सोपं, वेळ जातो क्षेत्रफळात. डिटेक्टरच्याच पातळीवर सीआर कॅसेट (क्ष-किरणांची प्रतिमा टिपणारी पाटी) धरली, तिच्यावर शिशाची पट्टी चिकटवली आणि शलाकेचा ठसा घेतला. ठशाच्या कडा धूसर असतात, म्हणून जिथे तीव्रता निम्मी होते तिथे कड धरायची. १० सेंमीच्या बाजूत २ मिलिमीटरची चूक म्हणजे २ टक्के; दोन्ही बाजूंत झाली तर क्षेत्रफळात ४ टक्के. त्यामुळे प्रत्येक ठसा मी आणि टेक्नॉलॉजिस्टनी स्वतंत्रपणे मोजला. डिटेक्टरची अनिश्चितता आणि ही, दोन्ही धरून आमच्या मोजमापाची एकूण अनिश्चितता सुमारे ७ टक्के निघते. आयसीआरयू या रेडिएशन मोजमापांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाच्या २००५ च्या ७४ क्रमांकाच्या अहवालात काळजीपूर्वक करायच्या मोजमापांसाठी सुचवलेली पातळीही साधारण हीच आहे. डिस्प्लेच्या ३५ टक्क्यांच्या मानाने पुष्कळ बरी.

दुसऱ्या रूममध्ये, जिथे डोस जास्त दिसत होता, ७० केव्हीला आणि तांब्याच्या फिल्टरशिवाय डिस्प्ले ८ टक्के जास्त दाखवत होता. सिने मोडमध्ये (चित्रफीत नोंदवताना) १८ टक्के जास्त. तांब्याचा जाड फिल्टर आपोआप लागतो त्या फ्लुओरोमध्ये २८ टक्के जास्त.

पहिल्या रूममध्ये उलटं. डिस्प्ले कमी दाखवत होता, आणि कुठल्याही मोडमध्ये जवळपास सारखाच कमी, २४ ते २८ टक्क्यांच्या दरम्यान.

कारणं दोन, एकमेकांशी संबंध नसलेली

दुसऱ्या रूममधली चूक शलाकेच्या जातीबरोबर बदलत होती, म्हणजे संशय चेंबरवर. अशा चेंबरच्या भिंतींवर विजेचं वहन व्हावं म्हणून इंडियम-टिन ऑक्साइडचा पातळ थर दिलेला असतो. त्यामुळे चेंबरचा प्रतिसाद सगळ्या ऊर्जांना एकसारखा राहत नाही. मशीन बसवताना इंजिनिअरने एकाच केव्हीला, बिनतांब्याच्या शलाकेवर कॅलिब्रेशन केलेलं होतं. पेशंटवर मात्र जवळजवळ सगळा वेळ तांब्यातून गाळलेली कडक (जास्त भेदक) शलाका वापरली जाते. कॅलिब्रेशन एका शलाकेवर, काम दुसरीवर.

तापमानाचाही विचार केला. चेंबर हवेला मोकळा असतो, त्यामुळे आतली हवा तापून विरळ झाली की आकडा घटतो. ट्यूबच्या शेजारी हवा २० वरून ३४ अंशांवर गेली तर सुमारे ५ टक्के. हवेचा दाब मुंबईत वर्षभरात फारसा बदलत नाही, पावसाळ्यात एखादा टक्का खाली येतो. पुण्यात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, दाबाची दुरुस्ती न केल्यास हाच चेंबर ६ टक्क्यांच्या आसपास कमी दाखवेल. पण या कारणांनी आकडा कमी व्हायला हवा होता आणि आमचा जास्त होता. म्हणून दोष शलाकेच्या जातीकडेच गेला.

पहिल्या रूममधली चूक सगळ्या मोडमध्ये सारखी होती. तिथे चेंबर नाहीच, म्हणजे हिशोबातला एखादा गुणक चुकलेला असणार. सर्व्हिस रजिस्टर उघडलं. मागच्या ऑगस्टमध्ये एक्स-रे ट्यूब बदललेली होती. त्यानंतर क्यूए झालं, पासही झालं. मग केसेसचे आकडे ऑगस्टच्या आधीचे आणि नंतरचे असे वेगळे केले. आधीचा मध्यांक ७६, नंतरचा ५८. ‘नवी ट्यूब आली आणि डोस कमी झाला’ असं कॅथलॅबमध्ये बोललंही जात होतं.

घडलं ते असं. जुन्या ट्यूबचा ॲनोड (क्ष-किरण जिथे तयार होतात तो भाग) वापरून खडबडीत झालेला असतो, तितक्याच एमएएसला ती कमी डोस देते. मशीनमधलं टेबल त्या थकलेल्या ट्यूबशी जुळवलेलं होतं. नवी ट्यूब तितक्याच एमएएसला जास्त डोस देते. पॅनेलला चांगल्या प्रतिमेसाठी जेवढं रेडिएशन लागतं ते तेवढंच, म्हणून ऑटोमॅटिक कंट्रोलने एमए खाली आणला. पेशंटला जाणारा डोस होता तिथेच राहिला. संगणकाने मात्र कमी झालेला एमएएस घेतला, जुन्या ट्यूबच्या टेबलाने गुणला आणि कमी डोस दाखवला. ट्यूबबरोबर टेबल बदलायचं राहून गेलं होतं.

सिने आणि फ्लुओरोचा वाटा आमच्या केसेसमध्ये साधारण ६० आणि ४० टक्के. तसा भार देऊन दुसऱ्या रूमचा डिस्प्ले सरासरी २२ टक्के जास्त येतो, म्हणजे त्याला ०.८२ ने गुणायचं. पहिल्या रूमचा २६ टक्के कमी, म्हणजे १.३५ ने गुणायचं. आता मध्यांक बघा : पहिली रूम ७८, दुसरी ७७. फरक आमच्या मोजमापाच्या अनिश्चिततेत बुडून जातो. दोन्ही रूम सारख्याच होत्या.

कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर आला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य होतं, “मॅडम, दोन्ही मशीन स्पेकमध्ये आहेत.” ते खरंच होतं. २८ टक्के काय आणि २६ टक्के काय, ३५ च्या आतच. माझा आग्रह वेगळा होता. ३५ टक्क्यांची मर्यादा मशीन विकता येईल की नाही हे ठरवायला आहे. तिच्या आधारे दोन रूमची तुलना करायची, डॉक्टरांना जास्त डोस देणारे ठरवायचं किंवा एखाद्या पेशंटच्या पाठीचा निर्णय घ्यायचा, एवढा भार तिला पेलत नाही. तरुण मुलगा होता, समजून घेणारा. त्याने त्याच दिवशी नव्या ट्यूबचं आउटपुट माझ्यासोबत मोजलं आणि टेबल नव्याने भरलं. पुन्हा मोजलं तेव्हा डिस्प्ले ४ टक्के कमी दाखवत होता.

पेशंटची बाजू

ते पत्रक निघालं असतं तर सगळ्यात लांबणाऱ्या केसेस नेमक्या कमी दाखवणाऱ्या मशीनवर गेल्या असत्या. हे मनात आल्यावर मी पहिल्या रूमच्या ऑगस्टनंतरच्या सगळ्या नोंदी पुन्हा चाळल्या.

आमच्याकडे रेफरन्स पॉइंटवरचा एअर कर्मा ५ ग्रेच्या वर गेला की पेशंटला त्वचेच्या तपासणीसाठी बोलावतात. ही पातळी एनसीआरपी या अमेरिकेतल्या रेडिएशन-संरक्षण परिषदेच्या २०१० च्या १६८ क्रमांकाच्या अहवालातली. पण डिस्प्ले २६ टक्के कमी दाखवत असेल तर स्क्रीनवर ३.७ दिसतानाच खरा आकडा ५ ला पोचलेला असतो. स्क्रीनवर ३.७ ते ५ ग्रे दिसलेल्या केसेस थोड्याच होत्या, पण त्यातल्या कुणालाच आम्ही बोलावलेलं नव्हतं. आता सगळ्यांना फोन केले.

डोंबिवलीचे एक काका मे महिन्यात पत्नीला घेऊन आले. मार्चमध्ये त्यांची सीटीओची केस झाली होती. डिस्प्लेवर ४.२ ग्रे होते, दुरुस्तीनंतर ५.७. हा आकडा म्हणजे त्वचेचा डोस नव्हे. टेबल-गादीमुळे तो घटतो, शरीरातून परत फिरणाऱ्या किरणांमुळे वाढतो, आणि हे दोन परिणाम बरेचसे एकमेकांना खोडतात. सी-आर्मचा कोन बदलत राहिला तर डोस पाठीवर पसरतो. काकांच्या केसमध्ये बराच वेळ कोन एकच होता, डावीकडून तिरका. अशा वेळी ट्यूब पेशंटच्या उजव्या पाठीमागे असते.

सरांनी उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली बघितलं. त्वचा स्वच्छ होती. मी काकूंना विचारलं, “काकू, ऑपरेशननंतर इथे कधी लाल झालं होतं का?” त्या म्हणाल्या, “झालं होतं की. घरी आल्यावर पंधरा-वीस दिवसांनी. तळहाताएवढा चौकोन. मला वाटलं घामोळं आलंय, पावडर लावत होते. गेलं आपोआप.” एप्रिलमधल्या उकाड्यात कुणालाही तसंच वाटलं असतं. फोटो नाही, कुणी डॉक्टरांनी बघितलेलं नाही, त्यामुळे ते रेडिएशनचंच होतं असं मी ठामपणे लिहू शकत नाही. पण जागा, आकार आणि वेळ तिन्ही जुळतात. ५-६ ग्रेनंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असा लालसरपणा येतो आणि ओसरतो. चौकोनी घामोळं तर मी कधी ऐकलेलं नाही.

काकांच्या फाइलमध्ये नोंद केली : पुन्हा प्रोसिजर लागली तर हा कोन टाळावा, आणि त्या जागी त्वचेची कुठलीही तक्रार आली तर बायोप्सी करण्याआधी आम्हाला कळवावं. काकूंना ती जागा बोट ठेवून दाखवली, कारण माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही. बाकीचे पेशंट आले त्यांच्यात काही आढळलं नाही. आता केसच्या शेवटी दुरुस्त आकडा ५ ग्रेच्या वर असेल तर डिस्चार्जच्या कागदांसोबत मराठी आणि हिंदीत एक चिठ्ठी जाते : कुठे बघायचं, किती दिवस बघायचं आणि काही दिसलं तर कुठल्या नंबरवर फोन करायचा. घरच्या माणसाकडून ती वाचून घेण्याचं काम सिस्टरनी आपणहून अंगावर घेतलं आहे.

आता काय चालू आहे

रजिस्टरात तीन रकाने झाले : मशीनवरचा आकडा एककासह, त्या मशीनचा गुणक, आणि दुरुस्त आकडा. गुणकाशेजारी तो कधी मोजला ती तारीख असते. जुना डेटा पुसलेला नाही. पहिल्या रूमसाठी ट्यूब बदलल्याच्या तारखेपासून टेबल भरल्याच्या तारखेपर्यंत १.३५ आणि त्यानंतर नवा गुणक, असं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. एएमसीच्या (वार्षिक देखभालीच्या) करारात एक कलम वाढवून घेतलं : ट्यूब, कोलिमेटर किंवा जनरेटरला हात लागला की डीएपी आणि एअर कर्मा दोन्ही माझ्यासमोर मोजून दाखवल्याशिवाय काम पूर्ण धरलं जाणार नाही. प्रशासनाने सुरुवातीला कुरकुर केली, कारण त्यात कॅथलॅबचे काही तास जातात. काकूंचं बोलणं सांगितल्यावर कुरकुर थांबली.

दुसऱ्या रूमचं काम पूर्ण व्हायचं आहे. तिच्या चेंबरला मशीनमध्ये एकच गुणक भरता येतो, फिल्टरप्रमाणे वेगवेगळे नाहीत. सध्या ०.८२ वापरतो, पण हा सरासरी आकडा आहे आणि तो आमच्या नेहमीच्या अँजिओप्लास्टीला लागू पडतो. पेसमेकरच्या केसमध्ये सिने जवळजवळ नसतो, सगळा फ्लुओरो, म्हणजे तिथे गुणक ०.७८ च्या आसपास हवा. बारीक चणीच्या पेशंटमध्ये मशीन किती जाड तांबं लावतं आणि तेव्हा चूक किती होते, हे अजून मोजायचं राहिलं आहे. त्यासाठी फँटमची जाडी बदलत सगळे मोड पुन्हा तपासावे लागतील. विभागप्रमुखांनी त्याला संमती दिली आहे आणि रूम मिळतील तशा रविवारच्या सकाळी ते काम चालू आहे.